‘समाजसुधारक’ म्हणून बाजूला बसवलेले सिद्धांतकार : बुद्ध, फुले, आंबेडकर आणि समाजशास्त्राचा इतिहास

समाजशास्त्राचे कोणतेही गाइड उघडा. पहिलाच प्रश्न असतो : समाजशास्त्राचा जनक कोण? उत्तर : ऑगस्त कॉम्त. त्यानंतर स्पेन्सर, मार्क्स, दुर्खीम, वेबर अशी रांग लागते. कोरपना, गडचांदूर, राजुऱ्याकडे बी.ए. करणारी आपली मुलेमुली ही नावे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे जातात. याच विद्यार्थ्यांना जोतीराव फुले आणि बाबासाहेब कुठे भेटतात? ‘समाजसुधारक’ या प्रकरणात. जन्म, मृत्यू, काढलेल्या शाळा, केलेले सत्याग्रह, लिहिलेली पुस्तके. पाच गुणांची टीप. संपले.

म्हणजे युरोपातल्या माणसांनी समाजाचा सिद्धांत मांडला आणि आपल्या महामानवांनी समाजाची सेवा केली, अशी ही वाटणी आहे. डोके त्यांचे, हातपाय आपले! ही वाटणी ओळखीची वाटत नाही का? पुरुषसूक्तातही असेच काहीतरी आहे.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात पहिल्या पेपरला सहा विचारवंत नावानिशी नेमलेले आहेत : मार्क्स, दुर्खीम, वेबर, पार्सन्स, मर्टन आणि मीड. दुसऱ्या पेपरात भारतीय समाज कसा अभ्यासावा यासाठी घुर्ये, श्रीनिवास आणि ए. आर. देसाई आहेत. जातिव्यवस्थेवरच्या घटकात घुर्ये, श्रीनिवास, द्युमाँ आणि बेते आहेत. जातीवर विसाव्या शतकात सर्वात मूलभूत लिहिणारा माणूस या यादीत नाही. ‘नेट’च्या अभ्यासक्रमात आता बाबासाहेबांचे नाव आले आहे, पण नाव येणे वेगळे आणि त्यांचा सिद्धांत शिकवला जाणे वेगळे. म्हणून आम्ही हा इतिहास आपल्या बाजूने पुन्हा मांडत आहोत.

बारसे झाले म्हणजे जन्म झाला का?

कॉम्तने १८३० च्या दशकाच्या अखेरीस ‘सोशियोलॉजी’ हा शब्द रूढ केला, हे खरे. पण बारसे ज्या दिवशी होते त्या दिवशी मूल जन्मलेले नसते, ते आधीच जन्मलेले असते. समाज कसा बनतो, सत्ता कुठून येते, माणसामाणसांत उच्चनीचता का असते, हे प्रश्न कॉम्तच्या कितीतरी आधी विचारले गेले होते. उत्तर आफ्रिकेतील इब्न खल्दून याने १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात टोळ्यांची एकजूट, तिच्यातून उभी राहणारी राज्ये आणि त्यांचा ऱ्हास यांची कारणमीमांसा केली. ती दैवी इच्छेवर नव्हे तर समाजाच्या रचनेवर उभी होती. आज अनेक अभ्यासक त्यालाच पहिला समाजशास्त्रज्ञ मानतात.

त्याहून मागे जाऊ. ग्रीसमध्ये प्लेटोने आदर्श राज्याची कल्पना मांडताना एक कथा रचली. राज्यकर्त्यांच्या ठायी देवाने सोने मिसळले आहे, सैनिकांच्या ठायी चांदी आणि शेतकरी-कारागिरांच्या ठायी लोखंड व पितळ. आपल्याकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्त मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांची विभागणी करते. दोन्ही कथा एकाच जातीच्या आहेत, पण फरकही मोठा आहे. प्लेटो स्वतःच कबूल करतो की ही लोकांना पटवण्यासाठी सांगायची थाप आहे. शिवाय लोखंडाच्या आईबापांपोटी सोन्याचे मूल निपजू शकते, असेही तो म्हणतो. आपल्याकडे मात्र तीच थाप श्रुती ठरली, अपौरुषेय ठरली आणि जन्माला कायमची चिकटली. बाबासाहेबांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात नेमके हेच दाखवले. वर्ग सगळ्याच समाजांत होते; पण असलेल्या विषमतेला धर्माचा कायदा बनवण्याची करामत पुरुषसूक्ताने केली.

याच भूमीत या थापेला पहिले शास्त्रशुद्ध उत्तर कोणी दिले? तथागत बुद्धांनी. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्त वाचा. वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन तरुण भिक्खूसंघात येऊ पाहतात. त्यांचे जातभाई त्यांना शिव्या देतात : आपण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो, तुम्ही पायातून जन्मलेल्यांच्यात गेलात. बुद्ध उत्तर देतात ते साक्षात अनुभवाचे आहे. ब्राह्मण स्त्रियांनाही पाळी येते, त्या गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलांना अंगावर पाजतात. मग मुखातून जन्म कुठला?

एवढ्यावर बुद्ध थांबत नाहीत. ते समाजाच्या उगमाची मांडणी करतात. आधी भात आपोआप उगवे आणि लोक गरजेपुरता नेत. मग कोणीतरी आळसाने दोन वेळचा एकदम नेऊ लागला, दुसऱ्याने चार वेळचा साठवला. साठवण आली, शेतांना बांध आले. बांध आले म्हणून चोरी आली, चोरीबरोबर खोटे बोलणे आले, मारहाण आली. तेव्हा लोकांनी एकत्र येऊन आपल्यातल्याच एकाला निवडले आणि न्याय करण्याबद्दल त्याला आपल्या भाताचा वाटा देण्याचे ठरवले. तो महासम्मत, म्हणजे सर्वांनी संमत केलेला. क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य, शूद्र हे सगळे याच लोकांमधून, कामधंद्यावरून निघाले. कोणी वरून आले नाही.

राज्य हे लोकांच्या करारातून जन्मते ही कल्पना शिकवताना आपल्याला हॉब्ज (१६५१), लॉक (१६८९) आणि रूसो (१७६२) सांगितले जातात. खाजगी मालकीतून विषमता जन्मते हे सांगायला मार्क्स येतो. या दोन्ही विचारांची बीजे या सुत्तात आहेत. बुद्धाला मार्क्स किंवा रूसो ठरवण्याचा आमचा हट्ट नाही. काळ वेगळे, भाषा वेगळी. पण ‘भारतात समाजचिंतन म्हणजे मनू आणि कौटिल्य’ असे जे शिकवले जाते ते अर्धसत्य आहे. मनूच्या विरोधातली परंपराही तितकीच जुनी आणि अधिक विवेकी आहे.

१८७३ : दोन पुस्तके

१८७३ साली लंडनमध्ये हर्बर्ट स्पेन्सरचे ‘समाजशास्त्राचा अभ्यास’ या विषयावरचे पुस्तक आले. समाज हा एखाद्या प्राण्याच्या शरीरासारखा असतो आणि तो साध्यापासून गुंतागुंतीच्या रूपाकडे उत्क्रांत होतो, असा स्पेन्सरचा सिद्धांत. दुबळ्यांना सरकारने मदत केली तर उत्क्रांतीत अडथळा येतो, असेही त्याचे मत.

त्याच १८७३ साली जोतीरावांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि सप्टेंबरमध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना जोतीरावांनी हे पुस्तक अर्पण केले. या अर्पणपत्रिकेकडे आपण फक्त भावनेने पाहतो. खरे तर ती तुलनात्मक पद्धत आहे! अमेरिकेतील काळ्या माणसाची गुलामगिरी आणि भारतातील शूद्रातिशूद्रांची अवस्था शेजारी ठेवून पाहा, म्हणजे दोन्हींची यंत्रणा दिसेल, असे जोतीराव सांगत आहेत. एकीकडे साखळदंड लोखंडाचा, दुसरीकडे पोथीचा. गुलाम स्वतःच आपली गुलामगिरी पवित्र मानू लागला तर मालकाला चाबूक कमी वापरावा लागतो, हा तो शोध आहे. सत्ताधारी वर्गाच्या कल्पना सगळ्या समाजाच्या कल्पना कशा बनतात हे युरोपीय विचारवंतांच्या नावाने आपण शिकतो. जोतीरावांनी ते दशावतारांच्या कथा उलट्या वाचून दाखवले.

दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’ आला. त्यात शेतकऱ्याच्या घरात जन्मापासून मरणापर्यंत कोणत्या विधीला किती पैसा भटाकडे जातो, कचेरीत कोणता कामगार कुठे नाडतो, इंग्रज अधिकारी आपल्या ऐषारामात मग्न असल्याने हे सगळे कसे चालू राहते, याचा तपशील आहे. अविद्येपासून दारिद्र्यापर्यंतची कारणपरंपरा त्यांनी मांडली. निरीक्षण, वर्गीकरण, कारणमीमांसा. समाजशास्त्राला आणखी काय हवे असते? कोरपना तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या माणसाने आज असूड वाचला तर भट, सावकार आणि कचेरी यांच्या जागी कोण कोण आले आहे याची यादी तो स्वतः करू शकेल. जो ग्रंथ असा वापरता येतो त्यालाच सिद्धांत म्हणतात.

९ मे १९१६

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला.

तोवर जातीवर काय लिहिले गेले होते? सेनार्ने विटाळाच्या कल्पनेवर भर दिला होता. नेस्फील्डने दुसऱ्या जातीबरोबर न जेवणे हे लक्षण धरले. रिस्ले वंशाकडे वळला होता आणि नाकांची मापे घेत होता. आपल्याच महाराष्ट्रातील श्रीधर व्यंकटेश केतकरांचे जातीच्या इतिहासावरचे इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये अमेरिकेत निघाले होते. तरुण आंबेडकरांनी या सगळ्यांना समोर घेतले. विटाळ हा पुरोहिताच्या कर्मकांडाचा भाग आहे, तो जातीचा गाभा नव्हे. एकत्र न जेवणे हा जातीचा परिणाम आहे, कारण नव्हे. केतकरांची व्याख्या त्यांना इतरांपेक्षा बरी वाटली, कारण केतकर प्रत्येक जात सुटी न पाहता व्यवस्थेचा भाग म्हणून पाहतात. पण केतकरांनी दोन लक्षणे सांगितली : जातीबाहेर लग्नबंदी आणि सभासदत्व जन्माने. बाबासाहेबांनी दाखवले की ही दोन लक्षणे नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लग्न बाहेर करायचे नाही म्हटले की सभासद जन्मानेच होणार!

म्हणजे जातीचा गाभा एकच : जातीतच लग्न.

पण मग प्रश्न येतो की भारतात आधी काय होते? इथे कोरपन्याच्या तरुणाला पुस्तक बाजूला ठेवले तरी चालेल. आपल्या गोंड मित्राच्या घरी सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न काय विचारतात? किती देवे? चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एकाच देवसंख्येच्या कुळांत लग्न होत नाही, ती भावकी. सोयरीक दुसऱ्या गटात. हाच बहिर्विवाहाचा नियम, आणि तोच गोत्राच्या रूपाने हिंदूंतही आहे. बाबासाहेबांचे म्हणणे असे की बहिर्विवाह हा इथला मूळ आणि सार्वत्रिक नियम होता. त्यावर अंतर्विवाह लादला गेला तेव्हा जात जन्मली.

लादलेला नियम टिकवायचा तर हिशेब जुळवावा लागतो. बंद गटात लग्नाच्या स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला तर एक स्त्री ‘जास्त’ होते. ती बाहेर लग्न करील किंवा आतल्या कुमारिकेचा वाटा घेईल. म्हणून तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाही तर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली तर एक पुरुष ‘जास्त’ होतो. पण सत्ता पुरुषाच्या हाती, त्याला जाळता येत नाही. संन्यास सगळ्यांच्या गळी उतरत नाही. मग त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या तीन वेगवेगळ्या ‘वाईट चाली’ नाहीत, एकाच यंत्राची तीन चाके आहेत. सुधारकांनी एकेका चाकावर कायदे मागितले. बाबासाहेबांनी यंत्र उघडून दाखवले. जात आणि स्त्रीची गुलामी एकाच ठिकाणी बांधलेली आहे हा विचार स्त्रीवादी अभ्यासात पुढे मध्यवर्ती ठरला. शर्मिला रेगे यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात याच लेखनाकडे पुन्हा लक्ष वेधले.

हे दार प्रथम कोणी लावले? पुरोहित वर्गाने. मग इतरांनी त्यांचे अनुकरण केले, आणि काहींना दार बाहेरूनच बंद झालेले आढळले. अनुकरण वरून खाली आणि जवळून दूर पसरते, हे सांगताना बाबासाहेब फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्दचा आधार घेतात. १९५२ मध्ये एम. एन. श्रीनिवास यांची ‘संस्कृतीकरणा’ची संकल्पना आली आणि ती आज प्रत्येक परीक्षेत विचारली जाते. खालच्या जाती वरच्यांचे आचार उचलतात हे श्रीनिवासांनी दाखवले. पण त्याच्या छत्तीस वर्षे आधी बाबासाहेबांनी याहून खोल गोष्ट सांगितली होती : अनुकरणाने जाती फक्त वर सरकत नाहीत, जाती तयारच अनुकरणाने होतात.

याच निबंधात ते म्हणतात की मनूने जात निर्माण केली नाही, ती त्याच्या आधीपासून होती. त्याने तिला नियमांत बसवले आणि तिचे समर्थन केले. काही जण यावर विचारतात, मग २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती का जाळली? उत्तर सरळ आहे. जातीचा निर्माता सापडला म्हणून जाळली नाही. जातीला मिळालेली धर्माची मान्यता जाळली. १९१६ चा विद्यार्थी आणि १९२७ चा सेनानी यांच्यात विरोध नाही, पहिल्याचा निष्कर्ष दुसऱ्याचा कार्यक्रम आहे.

मार्क्स, वेबर आणि गडचांदूरचा भोंगा

योगायोग पाहा. १९१६-१७ याच काळात जर्मनीत मॅक्स वेबरचे हिंदू धर्म आणि बौद्ध धर्मावरचे लेखन प्रसिद्ध होत होते. वेबर कधी भारतात आला नाही. जनगणनेचे अहवाल आणि भाषांतरित ग्रंथ यांवर त्याने काम केले. त्याची विद्वत्ता थोर आहे, ते वाचावेच. पण ज्याने शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसून जात भोगली आणि मग तिचे शास्त्र लिहिले तो ‘सुधारक’, आणि ज्याने ती अहवालात वाचली तो ‘अभिजात सिद्धांतकार’, हा न्याय कोणता?

मार्क्सने १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लिहिले होते की रेल्वे आणि त्यातून येणारे आधुनिक उद्योग जातीचा पाया असलेली वंशपरंपरागत कामाची विभागणी मोडून टाकतील. दुर्खीमने १८९३ मध्ये श्रमविभागणीतून समाजाची एकजूट होते असे सांगितले. लादलेली विभागणी मात्र विकृत, हेही तो म्हणाला. या सिद्धांतांची परीक्षा घ्यायला लंडन-पॅरिसला जायची गरज नाही. कोरपना तालुक्याच्या पोटात चुनखडी आहे. १९८० च्या दशकापासून इथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले, शेजारी राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणी आहेत. एकाच पाळीत सगळ्या जातींची माणसे कामाला जातात, एकाच बाकावर डबा खातात. वंशपरंपरागत धंदा बऱ्याच अंशी मोडला. इथवर मार्क्स बरोबर!

पण पाळी संपल्यावर? मुलीची सोयरीक निघाली की त्याच कामगाराच्या खिशातून बायोडाटा निघतो आणि त्यावर जात, पोटजात छापलेली असते. वधू-वर परिचय मेळावे जातवार भरतात, व्हॉट्सॲपचे गटही जातवार. धंदा बदलला, जात राहिली. मार्क्सच्या मांडणीने हे उलगडत नाही. १९१६ च्या निबंधाने उलगडते. जात धंद्यात नव्हतीच, ती लग्नात होती. म्हणून १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेब सांगतात की जात ही कामाची नव्हे तर कामगारांची विभागणी आहे, आणि तिच्यावर खरा उपाय आंतरजातीय विवाह व त्याआड येणाऱ्या शास्त्रांच्या पावित्र्याचा नाश हा आहे. कारखान्याचा भोंगा जात मोडत नाही, ती आपल्यालाच मोडावी लागते.

ज्यांच्यावर सिद्धांत लिहिले गेले ती माणसे

कोरपन्याचा हा मुलूख १९५६ पर्यंत राजुरा तालुक्यात, हैदराबादच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. जल, जंगल, जमिनीसाठी लढणारा कोमराम भीम १९४० मध्ये याच जिल्ह्यात जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडून इथल्या गोंडांचा अभ्यास करवला. त्यांचे काम प्रामाणिक होते, त्यांनी शाळाही काढल्या. पण क्रम लक्षात घ्या : आधी गोळी, मग अभ्यास. १९४३ मध्ये मुंबई विद्यापीठाचे गो. स. घुर्ये यांनी आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवून टाकले. आदिवासींना विचारले कोणी?

बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये उलटा प्रश्न केला होता : हजारो वर्षे शेजारी राहूनही हिंदूंनी या लोकांना आपले का मानले नाही? कारण जातीच्या घरात नव्या माणसाला खोलीच नसते. त्याच बाबासाहेबांनी १९४५ च्या मुंबईतील भाषणात आदिवासींमध्ये अजून राजकीय जाणीव आलेली नाही असे म्हणून त्यांना प्रतिनिधित्वाच्या आराखड्याबाहेर ठेवले होते. पुढच्याच वर्षी जयपालसिंह मुंडा यांनी संविधान सभेत आदिवासींच्या लोकशाही परंपरेची आठवण करून दिली. हे आपण लपवू नये. गोंड आणि कोलाम मित्रांबरोबर एका व्यासपीठावर बसायचे तर हे वाचूनच बसले पाहिजे. १९१६ च्या निबंधाच्या शेवटी तरुण आंबेडकर स्वतः सांगतात की माझी मांडणी चुकीची ठरली तर ती सोडायला मी तयार आहे. ग्रंथप्रामाण्य नाकारणाऱ्या बापाची लेकरे आपण. त्यांच्याच ग्रंथाची पोथी करणे हा त्यांचा पराभव आहे.

काय करायचे?

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. तेव्हा वर्धा नदीच्या या बाजूचा आपला मुलूख अजून हैदराबाद राज्यात होता. सोळा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, तो मुंबई राज्यात आला. दरवर्षी १६ ऑक्टोबरला आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातो, पुस्तकांच्या दुकानांसमोर थांबतो. या वर्षी तिथून १९१६ चा निबंध आणा. तो लहान आहे, विहारात चार रविवारी वाचून होतो. त्याच्याबरोबर अग्गञ्ञ सुत्त आणि असूड ठेवा. शेजारी मार्क्स, दुर्खीम, वेबरही ठेवा, कारण आपल्याला त्यांच्याशी वैर नाही, वाद आहे.

मग वही घेऊन आपल्या गावातल्या तीन पिढ्यांची लग्ने लिहून काढा. कोणाची सोयरीक कुठे झाली, कोणती मोडली, का मोडली, विधवेचे काय झाले, मुलीचे लग्न कितव्या वर्षी झाले. बौद्ध वस्तीचीही लिहा; बायोडाट्यातली पोटजात गेली की फक्त शाईचा रंग बदलला, ते वहीच सांगेल. नावे बाहेर जाऊ देऊ नका, आकडे आणि कारणे मात्र मांडा. गाइडमधला सिद्धांत पाठ करणारा विद्यार्थी आणि आपल्या गावावर सिद्धांत तपासणारा विद्यार्थी यांत जो फरक आहे, तोच गुलाम आणि गुलामीची जाणीव झालेला माणूस यांच्यात आहे.

समाजशास्त्राचा जनक कोण, या प्रश्नाला परीक्षेत कॉम्त लिहा आणि गुण घ्या. पण समाज कोणी समजावून सांगितला, असे कोणी विचारले तर उत्तर आपल्याकडे तयार असले पाहिजे.

जय भीम! जय जोती! जय सेवा!